उसना श्वास

निरोगी माणूस आपला श्वास मोजीत नाहीं. आपल्याकडील योगग्रंथांनीं मात्र तो मोजून ठेवला आहे. अहोरात्रांत एकवीस हजार सहाशें श्वास, असा त्यांचा हिशेब. मिनिटाला पंधरा धरले तर चोवीस तासांचा गुणाकार तंतोतंत तेवढाच येतो; आणि आजचा शरीरशास्त्रज्ञहि स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या बाबतींत याहून फारसा वेगळा आंकडा सांगणार नाहीं. हा हिशेब एखाद्या रात्रीं अचानक चुकूं लागला तर काय करावयाचें, या प्रश्नाचें उत्तर शोधणाऱ्यांची ही हकीकत आहे. तींत डॉक्टर थोडे आणि इतर माणसेंच पुष्कळ आहेत: एक इंजिनिअर, कसलीहि पदवी नसलेला एक कारागीर, मोटारींचा एक कारखानदार आणि सुमारें दीड हजार विद्यार्थी.

फुप्फुसें स्वतः कांहींच करीत नाहींत, हें प्रथम ध्यानांत घ्यावयास हवें. लोहाराच्या भात्याचें चामडें जसें आपोआप फुगत नाहीं, त्याला ओढणारा हात लागतो, तसेंच फुप्फुसांचें आहे. तो हात म्हणजे बरगड्यांमधील स्नायू आणि छाती व पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा. पडदा खालीं सरकतो, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीची पोकळी वाढते, आंतला दाब बाहेरच्या हवेपेक्षां किंचित् कमी होतो आणि बाहेरची हवा नाकावाटें आंत शिरते. बालपक्षाघात, ज्याला आतां घरोघर पोलिओ म्हणतात, तो रोग स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जारज्जूंतील पेशींवरच घाला घालतो. पायाचे स्नायू लुळे पडले तर मूल लंगडें होतें. श्वासाचे स्नायू लुळे पडले तर तें पूर्ण शुद्धीवर असतांना गुदमरूं लागतें. भाता शाबूत, चामडें शाबूत. ओढणारा हात तेवढा गेला.

१९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील बोस्टन शहरीं, हार्वर्ड विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्याच्या शाळेंत, फिलिप ड्रिंकर नांवाचा एक इंजिनिअर काम करीत असे. कारखान्यांतील धूळ आणि विषारी वायू हा त्याचा विषय. गॅसनें गुदमरलेल्या आणि विजेचा धक्का बसलेल्या माणसांना पुन्हा श्वास कसा द्यावा, या संशोधनासाठीं न्यूयॉर्कच्या एका गॅस कंपनीनें पैसा पुरविला होता. ड्रिंकरचा सहकारी लुई अगासीझ शॉ हा मांजराचें अंग हवाबंद पेटींत ठेवी, डोकें तेवढें बाहेर काढी, आणि पेटींतील दाबाच्या चढउतारावरून मांजराचा श्वास मोजी. मांजराची छाती फुगली कीं पेटींतला दाब वाढे; बसली कीं उतरे. हा प्रयोग पाहतां पाहतां ड्रिंकरच्या मनांत उलटाच प्रश्न आला. छाती हलल्यानें दाब बदलतो, तर दाब बदलून छाती हलवितां येणार नाहीं काय?

मग एका मांजराला क्युरारे टोंचण्यांत आलें. क्युरारे म्हणजे दक्षिण अमेरिकेंतील आदिवासी आपल्या बाणांना लावतात तें विष; त्यानें सर्व स्नायू शिथिल होतात आणि जनावर श्वास कोंडून मरतें. या शिथिल मांजराला पेटींत ठेवून ड्रिंकरनें इंजेक्शनच्या पिचकारीनें पेटींतली हवा ओढून घेतली, पुन्हा आंत सोडली, पुन्हा ओढली. मांजराची छाती त्या तालावर वरखालीं होऊं लागली. जोंवर पिचकारी चालली तोंवर मांजर जगलें. या क्युरारेचें नांव श्रोत्यांनीं विसरूं नये; तें पुढें पुन्हा येणार आहे.

मांजराच्या पेटीवरून माणसाची पेटी झाली ती ओबडधोबडच होती. पत्र्याचें एक लांब पिंप, आंत सरकणारी खाट, गळ्याभोंवतीं घट्ट बसणारी रबराची पट्टी, आणि घरांतील केर ओढण्याच्या विजेच्या यंत्रांचे दोन पंखे. रोग्याचें डोकें बाहेर आणि बाकीचें शरीर पिंपांत. पंख्यानें आंतली हवा ओढली कीं छाती फुगे व नाकावाटें श्वास आंत येई. दाब पूर्ववत् झाला कीं उच्छ्वास. १९२८ सालच्या ऑक्टोबरांत बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयांत आठ वर्षांच्या एका पोलिओग्रस्त मुलीला या पिंपांत ठेवण्यांत आलें. तिचा श्वास क्षीण होत गेला होता, अंग निळें पडलें होतें, शुद्ध हरपली होती. पंखे सुरू झाल्यावर एक-दोन मिनिटांत तिच्या चेहऱ्यावर रंग चढला. थोड्या वेळानें तिनें आइसक्रीम मागितलें आणि ड्रिंकर तेथेंच उभ्याउभ्या रडला, असें सांगतात.

पांच दिवसांनीं ती मुलगी न्युमोनियानें गेली.

अशा प्रसंगाला यश म्हणावें कीं अपयश, हें कोण कोणाच्या नात्यानें बोलतो यावर अवलंबून आहे. इंजिनिअरच्या प्रश्नाचें उत्तर मिळालें होतें: माणसाचा श्वास बाहेरून चालवितां येतो. पुढल्या वर्षीं हार्वर्डमधल्याच एका पोलिओग्रस्त विद्यार्थ्याला या पिंपानें जगविलें, आणि तो बरा होऊन बाहेर आला. वर्तमानपत्रांनीं यंत्राला ‘लोखंडी फुप्फुस’ हें नांव दिलें. श्वास नीट चालू असतांना फुप्फुसें कां बिघडतात, हा दुसरा प्रश्न मात्र मागें राहिला.

आतां यंत्राच्या मालकीचा वाद सुरू झाला, आणि तो टाळून पुढें जातां येत नाहीं. बोस्टनशेजारच्या केंब्रिज गांवांत जॉन हॅवन एमर्सन नांवाचा एक तरुण कारागीर स्वतःचा छोटा कारखाना चालवीत असे. शाळेची अखेरची परीक्षाहि त्यानें दिलेली नव्हती. परंतु हात विलक्षण. १९३१ सालीं त्यानें लोखंडी फुप्फुसाची आपली आवृत्ति तयार केली. पंख्यांऐवजीं त्यानें पिंपाच्या एका टोकाला चामड्याचा पडदा बसविला आणि तो मागेंपुढें हलविण्याची योजना केली. यंत्र हलकें झालें, त्याचा आवाज कमी झाला आणि किंमत जवळजवळ निम्म्यावर आली. शिवाय वीज गेली तर दांडा धरून हातानें तो पडदा हलवितां येई. पावसाळ्यांत दिव्यांची उघडझांप अनुभवलेल्या माणसाला या शेवटच्या गुणाचें महत्त्व वेगळें सांगावयास नको.

ड्रिंकर आणि त्याच्या बाजूच्या मंडळींनीं एमर्सनवर पेटंट मोडल्याची फिर्याद केली. एमर्सननें कोर्टांत जुन्या यंत्रांचा पाढाच वाचला: ड्रिंकरच्या यंत्रांतला प्रत्येक भाग पूर्वीं कोणीतरी केव्हांतरी सुचविलेला किंवा बनविलेला होता. त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. पॅरिसचा डॉक्टर वोएझ यानें १८७६ सालीं बुडालेल्या माणसांसाठीं अशीच पेटी केली होती, तिला हातानें चालविण्याचा भाता होता. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याचा नुकताच जन्मलेला मुलगा १८८१ सालीं श्वासाच्या विकारानें दगावला, तेव्हां त्या शोकांत त्यानेंहि छातीभोंवतीं बसणारें, हवा ओढून घेणारें पत्र्याचें जाकीट बनविलें होतें. परिणामीं ड्रिंकरचीं पेटंटें रद्द झालीं. जीव वांचविणारीं साधनें सर्वांना मोकळीं असावींत, हा एमर्सनचा दावा ऐकावयास गोड आहे, आणि त्याच्या यंत्रांनीं तो पुष्कळसा खराहि करून दाखविला. तरी ड्रिंकरला खलपुरुष ठरविणें अन्यायाचें होईल. जुन्या पेट्या अडगळींत पडल्या होत्या. गुदमरणाऱ्या मुलीच्या खाटेजवळ प्रत्यक्ष चालणारी पेटी नेऊन ठेवली ती त्यानें.

यानंतरचा अध्याय ऑस्ट्रेलियांत घडला. १९३७ सालीं तेथें पोलिओची मोठी सांथ आली. पोलादी पिंपें अमेरिकेंतून आणविणें महाग आणि वेळखाऊ. ॲडिलेड शहरांतील एडवर्ड बोथ या संशोधकानें आपल्या भावाच्या मदतीनें प्लायवुडच्या फळ्यांची पेटी केली. म्हणजे हें लोखंडी फुप्फुस लांकडाचें होतें! तें स्वस्त होतें, हलकें होतें, आणि साधा सुतारहि तें जोडूं शके. १९३८ सालीं बोथ इंग्लंडांत असतांना बी. बी. सी.वर एका रोग्यासाठीं लोखंडी फुप्फुस हवें असल्याचें निवेदन त्याच्या कानीं पडलें. त्यानें लंडनमध्यें भाड्यानें कारखाना घेऊन तेथेंच यंत्र बनविण्यास सुरवात केली. नभोवाणीनें ऐकणाऱ्याच्या हातून कांहीं करवून घेतल्याचीं उदाहरणें फार नाहींत. त्यांतलें हें एक आहे. पुढें ऑक्सफर्डच्या एका रुग्णालयांत घेतलेला या यंत्राचा चित्रपट मोटारींचा कारखानदार लॉर्ड नफील्ड याच्या पाहण्यांत आला. त्यानें आपल्या मोटारींच्या कारखान्याचा एक भाग या कामाला लावला आणि त्या वेळच्या ब्रिटिश साम्राज्यांतील जें रुग्णालय मागेल त्याला यंत्र फुकट देण्याचें जाहीर केलें. अशीं सुमारें १७०० यंत्रें वांटण्यांत आलीं. देणगी थोर होती, यांत शंका नाहीं. पण यंत्र धाडणें सोपें असतें. तें रात्रंदिवस चालविणारीं, रोग्याची कूस बदलणारीं, त्याच्या घशाकडे लक्ष ठेवणारीं शिकलेलीं माणसें आगबोटीनें धाडतां येत नाहींत.

आणि घशाकडे लक्ष ठेवणें ही गोष्ट किरकोळ नव्हती. पोलिओ कधीं कधीं मज्जारज्जूच्याहि वर, मेंदूच्या बुंध्यापर्यंत पोंचतो. मग रोग्याला गिळतां येत नाहीं, खोकतां येत नाहीं. लाळ आणि कफ घशांत साचतो. अशा रोग्याला लोखंडी फुप्फुसांत घातलें म्हणजे काय होईल? यंत्र इमानानें छाती फुगविणार, आणि आंत जाणाऱ्या हवेबरोबर ती साचलेली घाणहि फुप्फुसांत ओढून नेणार. यंत्र जितकें चांगलें, तितकें हें काम अधिक नेमानें होणार.

१९५२ च्या उन्हाळ्यांत डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें हें सत्य मोठ्या निर्दयपणें समोर आलें. ब्लेगडॅम रुग्णालयांत एकेका दिवशीं पन्नासपर्यंत नवे पोलिओग्रस्त येऊं लागले. सबंध रुग्णालयांत एक मोठें लोखंडी फुप्फुस आणि छातीवर चिलखतासारखीं बसणारीं सहा लहान यंत्रें, एवढीच सामग्री. पहिल्या तीन आठवड्यांत श्वास किंवा गिळणें बंद पडलेल्या ३१ रोग्यांवर या यंत्रांनीं उपचार झाले. त्यांतले २७ दगावले. बहुतेक मुलें होतीं. मुख्य डॉक्टर लासेन हा सांथीच्या रोगांचा मान्यवर जाणकार. त्यालाहि पुढें वाट दिसेना.

त्याच्या हाताखालच्या ब्योर्नेबो या डॉक्टरनें सुचविलें कीं, ब्योर्न इब्सेन याला बोलवावें. इब्सेन पोलिओचा तज्ज्ञ नव्हता. तो शस्त्रक्रियेच्या वेळीं भूल देणारा डॉक्टर होता. कांहीं काळ बोस्टनमध्यें राहून ती विद्या शिकून आलेला. त्याच वर्षीं धनुर्वात झालेल्या एका अर्भकावर ब्योर्नेबोनें त्याच्या मदतीनें उपचार केले होते, म्हणून हें नांव सुचलें. भूल देणाऱ्याला सांथीच्या रोग्यांच्या दालनांत बोलावणें त्या काळीं जरा विचित्रच होतें. तो पडद्यामागचा माणूस. मान सर्जनचा, नांव सर्जनचें. हा आपला उशाशीं बसून पिशवी दाबणारा.

पण नेमकी तीच पिशवी येथें हवी होती. १९४२ सालीं कॅनडांतील माँट्रियल येथें ग्रिफिथ या डॉक्टरनें शस्त्रक्रियेच्या वेळीं रोग्याचे स्नायू सैल पडावे म्हणून क्युरारे वापरलें, आणि ती प्रथा सर्वत्र रूढ झाली. क्युरारेनें रोग्याचा श्वासहि थांबतो. म्हणून भूल देणारा त्याच्या श्वासनलिकेंत नळी घालून रबराची पिशवी दाबीत राहतो. म्हणजे मांजराच्या पेटीशेजारीं ड्रिंकर पिचकारी घेऊन जें करीत होता, तेंच काम इब्सेन रोज सकाळीं शस्त्रक्रियेच्या खोलींत करीत होता, फक्त उलट्या बाजूनें. ड्रिंकर बाहेरचा दाब कमी करून छाती ओढी. इब्सेन आंतून हवा ढकली. निश्चल पडलेल्या माणसाचा श्वास तासन्‌तास चालवितां येतो, यांत त्याला आश्चर्य वाटण्याजोगें कांहींच नव्हतें. सांथीच्या डॉक्टरांना मात्र तें ठाऊक नव्हतें, कारण तें दुसऱ्या खोलींत घडत होतें.

इब्सेननें आणखी एक गोष्ट पाहिली. मरणाऱ्या रोग्यांच्या रक्तांत क्षाराचें प्रमाण फार वाढलेलें आढळे, आणि हा पोलिओचाच कांहीं गूढ परिणाम असावा असें समजलें जाई. इब्सेन म्हणाला, यांत गूढ कांहीं नाहीं. अंगांतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाहीं, तो रक्तांत सांचतो आहे. निळेपणा घालविण्यासाठीं रोग्याला ऑक्सिजन देत, त्यानें रंग सुधारे, आणि गुलाबी दिसणारा रोगी आंतल्या आंत कोंडून मरे. पुढें प्रयोगशाळेचा प्रमुख पौल आस्ट्रुप यानें रक्त तपासून तें खरें असल्याचें दाखविलें.

२७ ऑगस्ट १९५२ रोजीं बारा वर्षांच्या एका मुलीवर हा उपाय करून पाहण्याचें ठरलें. हातपाय लुळे, ताप, अंग निळें, घसा कफानें भरलेला. गळ्याला छेद घेऊन श्वासनलिकेंत रबराची नळी बसविली; नळीभोंवतीं फुगणारी पट्टी होती, म्हणजे वरची लाळ खालीं उतरूं नये. इब्सेन पिशवी दाबूं लागला, पण हवा आंत जाईना. मुलगी जीव खाऊन झटत होती, तिच्या श्वासनलिका आंवळून आल्या होत्या. भोंवतीं जमलेल्या डॉक्टरांची आशा सुटत चालली. तेव्हां इब्सेननें भुलीचें औषध टोंचून तिची सगळी धडपडच थांबविली. तिचा स्वतःचा उरलासुरला श्वासहि थांबला. पाहणाऱ्यांना हा शेवटच वाटला असेल. पण आतां पिशवी दाबतांच छाती सहज वर आली. कफ नळीनें ओढून काढला. त्वचा उबदार आणि कोरडी झाली, रंग पालटला. खात्रीसाठीं तिला पुन्हा चिलखत-यंत्रावर ठेवून पाहिलें. ती पुन्हा खालावली. परत पिशवी, परत सुधारली. याहून स्पष्ट पुरावा कोणत्या कोर्टांतहि मिळाला नसता.

उपाय सांपडला, परंतु तो देणार कोण? पिशवी आपण होऊन दाबली जात नाहीं, आणि डेन्मार्कमध्यें हें काम करणारें यंत्र तयार नव्हतें. तेव्हां विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना हांक देण्यांत आली. वैद्यकाचे आणि दंतवैद्यकाचे मिळून सुमारें १५०० विद्यार्थी पाळ्या लावून खाटांच्या उशाशीं बसले. सांथ ऐन भरांत असतांना एकाच वेळीं सत्तर रोग्यांचा श्वास माणसांच्या मुठींतून चालला होता. सबंध सांथींत या हातांनीं मिळून सुमारें १,६५,००० तास पिशव्या दाबल्या. शिक्षण फार थोडें मिळे. रोग्याच्या चेहऱ्याकडे पाहूनच पुष्कळ शिकावें लागे. मूल बोलूं शकत नसे, पण शुद्धीवर असे; हवा कमी पडली तर तें डोळ्यांनीं सांगे. विद्यार्थी एका हातानें पिशवी दाबीत आणि दुसऱ्या हातांत पुस्तक धरून मुलांना गोष्टी वाचून दाखवीत. कधीं मूल पहांटे हातांतच जाई. विसाव्या-एकविसाव्या वर्षीं, परीक्षेआधीं, हा अनुभव त्यांच्या वांट्याला आला. पिशवी दाबावयाची कीं नाहीं हा प्रश्न मूल गेल्यावरच संपे. आणि तोंवर मिनिटाला पंधरा-वीस वेळां तो मुठीनें सोडवावा लागे.

आरंभीं श्वास बंद पडलेल्या शंभरांतील ऐशींहून अधिक रोगी मरत होते. तें प्रमाण चाळिसाच्या आसपास आलें, आणि पुढें त्याच्याहि खालीं उतरलें. ती बारा वर्षांची मुलगी जगली. तिचे हातपाय परत आले नाहींत, परंतु ती मोठी झाली आणि १९७१ पर्यंत जगली. दीड हजार विद्यार्थ्यांना जन्मभर बसवून ठेवतां येत नव्हतें. म्हणून स्वीडनचा डॉक्टर एंगस्ट्रॉम यानें बनविलेल्या, पिशवी दाबणाऱ्या हाताची नक्कल करणाऱ्या यंत्रासारखीं यंत्रें लवकरच पुढें आलीं. आजचा व्हेंटिलेटर हा त्याच कुळांतला. १९५३ च्या अखेरीस इब्सेननें कोपनहेगनच्या दुसऱ्या एका रुग्णालयांत अत्यवस्थ रोग्यांसाठीं अहोरात्र देखरेखीची स्वतंत्र खोली उघडली. आज जिला आय. सी. यू. म्हणतात तिची ही पूर्वज.

लोखंडी फुप्फुस यानें निरुपयोगी ठरलें असें मात्र कोणी समजूं नये. कोपनहेगनमध्यें तें हरत होतें त्याच १९५२ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील टेक्सस संस्थानांत पॉल अलेक्झांडर नांवाचा सहा वर्षांचा मुलगा त्या पिंपांत गेला. तो तेथूनच शिकला, वकील झाला, आणि मार्च २०२४ मध्यें, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं वारला. सत्तर वर्षांहून अधिक काळ पिंपाची सोबत त्याला सुटली नाहीं.

डेन्मार्कमधील त्या पिशवींत एक उणीव राहिलीच होती. ती आपण होऊन फुगत नसे. तिला नळकांड्यांतला वायू लागे. कांहीं काळानें मालमोटारी हांकणाऱ्यांचा संप झाला आणि रुग्णालयांत ऑक्सिजन पोंचेनासा होण्याची वेळ आली. भूल देणारा डॉक्टर हेनिंग रूबेन यानें सायकलच्या चाकाच्या तारा जोडून पिशवीला आंतून आधार दिला, म्हणजे हात सोडतांच ती स्वतःच फुगावी आणि साधी हवा ओढून घ्यावी. इंजिनिअर होल्गर हेसे याच्या साहाय्यानें ती १९५६ सालीं बाजारांत आली. तीच आपली अंबू बॅग. मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गांवापर्यंत रुग्णवाहिकेंत ती असते, आणि रुग्णालयांत कोणी आजारी पडलेल्या घरांतून हें नांव आतां मराठीच झालें आहे.

गर्दीच्या रुग्णालयांत व्हेंटिलेटर मोकळा नसला, कीं कधीं कधीं ती नातेवाइकांच्याच हातीं येते. मुलाच्या उशाशीं बाप बसतो. दाबतो, सोडतो, दाबतो. तो थकला म्हणजे काका बसतो, मग पहांटेपर्यंत मामा. नर्स येऊन एकदां लय दाखवून जाते: घाई करावयाची नाहीं, छाती उचललेली दिसली पाहिजे, आणि पिशवी पुरी फुगेपर्यंत पुन्हा दाबावयाची नाहीं.